इथिओपियात शिकवायला जाऊ का? मॉडेल २२, काळी माती आणि ‘दोन वाजताचा’ तास

प्रश्न असा आला आहे: “सर, मी स्थापत्य अभियांत्रिकीत एम.टेक. आहे, पीएच.डी.चा प्रबंध सादर केलाय, वय ३४. सहा वर्षं विनाअनुदानित कॉलेजात शिकवतोय आणि चार-चार महिने पगार होत नाही. इथिओपियातल्या एका नव्या विद्यापीठाचं दोन वर्षांच्या कराराचं पत्र आलंय. तिथलं काम नेमकं कसं असतं? जावं का? बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला न्यावं का?”

मी २००८ ते २०१५ तिथे होतो. विषय तुमचाच, मृदायांत्रिकी आणि सर्वेक्षण. त्याआधी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात ११ वर्षं काढली होती, त्यामुळे थकलेल्या पगाराचं मला काही सांगू नका. विद्यापीठाचं नाव मात्र घेणार नाही. तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत आणि पुढे काही कुरकुरही येणार आहे.

आधी थोडक्यात उत्तर. गाव शांत असेल आणि पगाराचं चलन करारात स्पष्ट लिहिलेलं असेल तर जा. पण ‘प्राध्यापक’ म्हणून जाऊ नका. प्रयोगशाळा सहायक, भांडारपाल, वायरमन आणि उरलेल्या वेळात प्राध्यापक, अशी तयारी असेल तरच जा.

असं का म्हणतो, ते कळायला तिथली वाढ किती वेगाने झाली ते बघा. राजधानी अदिस अबाबाचं कॉलेज १९५० चं. १९९० च्या दशकापर्यंत अख्ख्या देशात विद्यापीठं दोनच होती, अदिस अबाबा आणि अलेमाया (आता हरामाया). २००० च्या आसपास जुनी कॉलेजं एकत्र करून मेकेले, बाहिर दार, जिम्मा, हवासा ही विद्यापीठं झाली. मग २००५ नंतर एका दमात तेरा नवी. आज सरकारी विद्यापीठांचा आकडा चाळिशीच्या पुढे आहे. आपल्याकडे मुंबई १८५७, नागपूर १९२३, पुणे १९४९, मराठवाडा १९५८, कोल्हापूर १९६२. दोन विद्यापीठांमध्ये एक अख्खी पिढी म्हातारी होत होती. तिथे मात्र विद्यापीठांनाच ‘पिढी’ असते. पहिल्या पिढीचं, दुसऱ्या पिढीचं, तिसऱ्या पिढीचं विद्यापीठ असं सरळ बोलतात. मी दुसऱ्या पिढीत होतो. तुमचं पत्र चौथ्या पिढीतलं दिसतंय.

त्या तेरा विद्यापीठांचं बांधकाम जर्मन संस्थेच्या देखरेखीखाली एका साच्यात झालं. एक कॅम्पस पाहिलात की बाकीच्यांत डोळे मिटून फिरता येतं. इमारती चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. फक्त त्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. तीच आपली काळी माती, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटणारी आणि उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडणारी. इथिओपियाच्या पठारावर तिचे मोठाले पट्टे आहेत. वसतिगृहामागच्या फरशा दुसऱ्याच वर्षी उचलल्या गेल्या, तेव्हा बाकीचे ठेकेदाराला शिव्या देत होते आणि मी मुलांना घेऊन तिथे खड्डा खणत होतो. परभणी-लातूरकडचा माणूस जे लहानपणापासून पायाखाली बघतो, ते तिथे मला अभ्यासक्रम म्हणून वापरता आलं. माझ्या सात वर्षांतला सर्वांत चांगला तास तोच.

आता प्रयोगशाळा. मी रुजू झालो तेव्हा विभागात एक मोठं टेस्टिंग मशीन लाकडी खोक्यात बंद होतं. ते चौदा महिने तसंच राहिलं, कारण त्याचा पाया ओतलेला नव्हता आणि थ्री-फेज जोडणी कुणाच्या अखत्यारीत येते ते ठरत नव्हतं. खरेदी झाली होती, अनुदान खर्ची पडलं होतं, कागदावर प्रयोगशाळा ‘पूर्ण’ होती. हे वाचून तुम्हाला हसू येत असेल तर बरंच आहे. म्हणजे आपलंही कॉलेज तुम्ही नीट पाहिलंय.

तिथे सरकारी भांडाराचे दोन कागद असतात. माल आत आला की ‘मॉडेल १९’, बाहेर गेला की ‘मॉडेल २२’. आपल्या डेड स्टॉक रजिस्टरचे हे चुलतभाऊ. मॉडेल २२ वर सही करणारा भांडारपाल हा माणूस डीनपेक्षा महत्त्वाचा, हे समजायला मला एक सेमिस्टर लागलं. मातीतला ओलावा काढायचा म्हणजे नमुना १०५ ते ११० अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये हवा. रात्री वीज गेली की सकाळी नमुना अर्धाकच्चा, आणि वीज आठवड्यातून दोन-तीन रात्री जायचीच. मग मी स्पिरिट ओतून माती जाळायची जुनी पद्धत काढली. घाईच्या कामाला चालते. पण स्पिरिट लागतं, आणि स्पिरिट भांडारात. भांडारपाल म्हणायचा, “इशी, नेगे.” म्हणजे ‘हो हो, उद्या.’ हे दोन शब्द तुम्हाला विमानतळावरच शिकायला मिळतील.

शेवटी एका सेक्रेटरी बाईंनी मला मार्ग सांगितला. फाटकासमोरच्या टपरीवर दुपारी कॉफी असते, तिथे त्याच्याबरोबर बसायचं. तिथली कॉफी म्हणजे घोटभर चहा उरकण्याचा प्रकार नव्हे. बाई समोर हिरव्या बिया भाजते, त्याचा धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवते, कुटते, मातीच्या सुरईत उकळते आणि तीन फेऱ्या होतात. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. तिसऱ्या फेरीआधी उठणं बरं दिसत नाही. मी तिसऱ्या फेरीपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी स्पिरिटचे चार कॅन प्रयोगशाळेच्या दारात होते, मॉडेल २२ सकट. याला लाच समजू नका, माझ्या कॉफीचे पैसे त्यानेच भरले होते. मी कोण आहे, कुठून आलोय, मला किती मुलं आहेत हे कळल्याशिवाय त्याला मला सामान द्यायचं नव्हतं, इतकंच.

वेळेबद्दल आताच सावध करतो. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्या आठवड्यात वर्गप्रमुखाने सांगितलं, “टीचर, उद्या तास दोन वाजता.” मी जेवून, वामकुक्षी करून बरोबर दोनला गेलो. वर्ग रिकामा. ती ६८ मुलं सकाळी आठला येऊन, माझी वाट बघून गेली होती. वर्षंही त्यांची सात-आठने मागे आणि महिने तेरा. त्यांचं २००० साल आपल्या सप्टेंबर २००७ मध्ये उजाडलं. त्यामुळे करारावर तारीख कुठल्या पंचांगाची आहे हे विचारून घ्या. गंमत म्हणून सांगत नाहीये, एका तेलुगू सहकाऱ्याची रजा यातच अडकली होती.

नावाचं मात्र मराठी माणसाला सोपं पडतं. त्यांच्यात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आजोबांचं. आपण स्वतःचं आणि वडिलांचं नाव तसंच लिहितो. आजोबांच्या रकान्यात पगार विभागाने माझं आडनाव टाकलं आणि सात वर्षं ते माझे आजोबा राहिले. तुम्हाला सगळे पहिल्या नावाने हाक मारतील, ‘डॉक्टर’ लावून. अपमान समजू नका.

आता वर्गाबद्दल. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, पण मुलं येतात अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली अशा भाषांतून. मंत्रालय देशभर मुलांचं वाटप करतं, त्यामुळे डोंगरातला मुलगा सोमाली सीमेजवळ आणि तिथली मुलगी डोंगरात. पहिल्या दिवशी मी विचारलं, “समजलं का?” पुढच्या बाकावरच्या मुलाने एकदम दचकल्यासारखा श्वास आत ओढला. मला वाटलं दमा आहे. अख्ख्या वर्गात तसेच दोन-तीन आवाज झाले. नंतर कळलं, श्वास आत ओढणं म्हणजे ‘हो’. आणि ‘हो’ म्हणाले तरी समजलेलं नसतं, हे तर नांदेडपासून सगळीकडे सारखंच आहे.

मी गेलो त्याच सुमारास सरकारने ठरवलं, ७० टक्के प्रवेश विज्ञान-तंत्रज्ञानाला आणि ३० टक्के सामाजिक शास्त्रांना. देशाला अभियंते हवेत, म्हणून. दोन वर्षांत वर्ग दुप्पट झाले. वसतिगृहातल्या खोल्यांमध्ये दुमजली पलंग, मेसमध्ये मोठ्या रांगा. जेवण-राहणं मोफत नाही, पण आधी पैसेही भरावे लागत नाहीत. मुलगा सही करतो आणि नोकरी लागल्यावर पगारातून फेडतो. यामुळे खरोखर गरीब घरातली मुलं येतात. अनवाणी वाढलेली, गावातली पहिली. त्यांना शिकवण्यात जे समाधान आहे ते मी नाकारणार नाही.

पण त्यांना शिकवायला कोण? नुकते बी.एस्सी. झालेले पोरगे, ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’. आदल्या जूनमध्ये बाकावर, सप्टेंबरमध्ये फळ्यासमोर. एम.एस्सी. झालेले बाहेर शिकायला गेलेले, पीएच.डी.वाले बोटांवर मोजण्याइतके. त्या रिकाम्या मधल्या थरात आपल्यासारखे बाहेरचे भरलेले, आणि त्यांत भारतीय सर्वांत जास्त. तिथल्या साठीच्या माणसांना याचं नवलही नव्हतं. सम्राट हैले सेलासीच्या काळात त्यांच्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक होते. मंत्रालयातल्या एका वयस्कर अधिकाऱ्याने माझे कागद बघता बघता पायथागोरसचा सिद्धांत इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवला, त्याच्या भारतीय गुरुजींच्या ढंगात.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पहिली दोन वर्षं मी आठवड्याला २०-२२ तास स्वतः घेत राहिलो. मला वाटायचं, आपण आहोत तोवर मुलांना चांगलं मिळू दे. मी शिकवत होतो आणि माझा असिस्टंट मागे बसून हजेरी घेत होता. तिसऱ्या वर्षी मला कावीळ झाली, पाच आठवडे अंथरुणावर. परत आलो तर सर्वेक्षणाचे प्रयोग पाचही आठवडे बंद. थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) पेटीतून बाहेरच निघाला नव्हता, कारण मी असिस्टंटच्या हाती तो कधी दिलाच नव्हता. न जाणो, पाडेल! त्या दिवसापासून उलटं केलं. शनिवारी फक्त तीन असिस्टंट आणि मी. कॅम्पसभोवती ट्रॅव्हर्स टाकायचा, म्हणजे अंतरं आणि कोन मोजत फेरी पूर्ण करायची, बेरीज जुळली नाही की सोमवारपर्यंत चूक शोधायची, तोवर मी गप्प. एकाने लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) पाडलीच. दुरुस्तीला अदिसला पाठवली, चार महिन्यांनी आली. त्याच मुलाने पुढे भारतात येऊन एम.टेक. केलं आणि आता तो विभाग चालवतो. तर तुम्ही गेलात की पहिल्याच महिन्यात तुमचा असिस्टंट कोण, ते विचारा. नसेल तर मागून घ्या, भांडून घ्या. तुमचे तास कमी होतील म्हणून विभागप्रमुख कां-कूं करेल, तरी घ्या.

बाकी बदल येत-जात राहतात, त्यांचं फार मनावर घेऊ नका. ‘हायर डिप्लोमा’ नावाचा अध्यापनकौशल्याचा वर्षभराचा कोर्स मला करावा लागला. ११ वर्षं शिकवलेल्या माणसाला फळा कसा वापरावा ते २५ वर्षांचा मुलगा सांगतोय, म्हणून मी आधी फुरंगटून बसलो होतो. पण वर्गात गटांत काम कसं करून घ्यावं ते मी तिथेच शिकलो. मग ‘एकास पाच’ आलं, एका हुशार मुलाभोवती पाच जणांचा गट. अभ्यासाला उपयोगी, पण त्यात राजकारणही मिसळलेलं होतं. मग मॉड्यूल पद्धत. एकच विषय सलग काही आठवडे रोज शिकवून संपवायचा. मातीचा घनीकरणाचा प्रयोग एकटाच आठवडाभर खातो, हे ती योजना करणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ‘गिमगेमा’, म्हणजे सगळ्यांसमोर एकमेकांचं आणि स्वतःचं मूल्यमापन करायच्या बैठका. आपल्याला त्यांत बोलावत नाहीत. बोलावलं तरी कोपऱ्यात बसा. तिथल्या राजकारणावर, जमातींवर, नेत्यांवर एक अक्षर बोलू नका, अगदी कॉफीच्या तिसऱ्या फेरीलाही नाही.

गुणांचा प्रश्न नाजूक आहे. पहिल्या सत्रात ग्रेड घसरली तर मुलाला घरी पाठवतात. आईवडिलांनी बैल विकून पाठवलेला मुलगा दाराशी येऊन उभा राहतो. मुलींसाठी प्रवेशाची अट सैल असते आणि जादा शिकवण्या असतात. मी त्या आनंदाने घेतल्या, आणि माझ्या वर्गातली सर्वेक्षणात सर्वांत नेमका हात असलेली विद्यार्थिनी त्याच शिकवणीतून आली. मात्र वरून ‘एवढे नापास कसे?’ असंही विचारलं जायचं. मी दरवर्षी उत्तरपत्रिका विभागाच्या कपाटात लावून ठेवायचो, कुणीही येऊन बघावं म्हणून.

आता २०१५ नंतरचं, कारण तुम्ही माझ्या काळात जात नाही आहात. पसारा वाढवण्याची भूक सरकारने आवरली आहे. २०२२ मध्ये बारावीची परीक्षा कॉपी थांबवायला थेट विद्यापीठांच्या आवारात घेतली. सुमारे ९ लाख मुलांमधून निम्मे गुण मिळवणारी जेमतेम ३ टक्के निघाली. विद्यापीठांत जागा आहेत आणि पात्र मुलं नाहीत, अशी पाळी आली. मग कमी पडलेल्या मुलांसाठी उजळणीचे वर्ग आले. २०२३ पासून पदवीच्या शेवटी देशव्यापी एक्झिट परीक्षा आहे. विद्यापीठांची संशोधन, उपयोजित आणि सर्वसमावेशक अशी विभागणीही झाली आहे. त्यांचे स्वतःचे पीएच.डी. झालेले लोक परतल्याने परदेशी शिक्षकांची गरजही पूर्वीसारखी नाही. म्हणून त्यांना सरळ विचारा, मला कशासाठी बोलावताय? पदव्युत्तर किंवा पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल तर जाण्यात अर्थ आहे. नुसते पदवीचे तास भरायला असेल तर दोन वर्षांनी करार वाढणार नाही हे धरून चाला.

पैशाचं. मी गेलो तेव्हा डॉलरला ९-१० बिर (तिथलं चलन) पडत. सप्टेंबर २०१० मध्ये एका रात्रीत अवमूल्यन झालं, २०१७ मध्ये पुन्हा. जुलै २०२४ मध्ये बिर मोकळा सोडला, तेव्हा काही आठवड्यांत ५७ चा शंभरापुढे गेला. पगार बिरमध्ये ठरला असेल तर कराराचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावा आणि इथेच थांबा. डॉलरमध्ये ठरला असेल तर किती टक्के बाहेर पाठवता येईल, आणि ते विद्यापीठ पाठवणार की तुम्ही बँकेच्या रांगेत उभे राहणार, ते लिहून घ्या. माझे एकदा सात महिन्यांचे पैसे परकीय चलन नाही म्हणून अडकले होते. बुडाले नाहीत, पण घराच्या कर्जाचे हप्ते इथे भावाने भरले. घरभाडं, वर्षाचं येण्याजाण्याचं तिकीट, वैद्यकीय खर्च आणि निघताना मिळायचं अनुभवपत्र या गोष्टी करारात हव्यात. अनुभवपत्रात पद, विषय, आठवड्याचे तास, वेतन सगळं यायला हवं. इथे परत आल्यावर मुलाखतीत त्यावरच खल होतो. प्रमाणपत्रांवर माझ्या वेळी मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि मग दिल्लीतला त्यांचा दूतावास असे तीन शिक्के लागले होते. दीड महिना धरा.

गावाची चौकशी सर्वांत आधी करा. तिग्राय प्रदेशात नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ युद्ध झालं, मेकेलेचं विद्यापीठ त्यात होरपळलं. अम्हारा प्रदेशात ऑगस्ट २०२३ पासून चकमकी आहेत, ओरोमियाचे काही भागही अशांत आहेत. विद्यापीठाचा मेल म्हणेल ‘चिग्गिर येलेम’, काही अडचण नाही. त्यावर जाऊ नका. त्या गावात आज राहत असलेल्या भारतीय शिक्षकाशी फोनवर बोला. आणि अदिसहून तिथे रस्त्याने जावं लागतं की विमान आहे, ते विचारा.

राहिला बायको-मुलीचा प्रश्न. पहिल्या सत्राला एकटे जा. अदिसबाहेर पाच वर्षांच्या मुलीसाठी शाळा शोधणं कठीण आहे. माझी बायको दुसऱ्या वर्षी आली आणि मुलगा नाशिकला आजीकडे राहिला. तो निर्णय चुकला असं ती अजून म्हणते, आणि मी वाद घालत नाही.

जेवणाची काळजी मात्र करू नका. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, मांस-दूध-अंडी बंद. त्या दिवशी कुठल्याही खाणावळीत ‘बेयेनेतू’ मागा. मोठ्या आंबोळीसारख्या इंजेरावर डाळी, पालेभाज्या, बीट, बटाटे गोलाकार मांडून येतात. आणि ‘शिरो’ मागा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी हात थांबवून बघत बसलो. भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं, तिखटजाळ, वाडग्यात रटरटत आलेलं. पिठलंच ते! लसूण जरा जास्त आणि फोडणीत मोहरी नाही, एवढाच फरक. खाणावळीतून घरी जायला रिक्षा मिळेल, तिला तिथे ‘बजाज’च म्हणतात. माझ्या नेहमीच्या रिक्षावाल्याला मी सांगितलं की ही आमच्या वाळूजच्या कारखान्यात तयार होते, तर त्याने आधी गिअर अडकतो म्हणून तक्रार केली आणि मग भाडं घेतलं नाही.

मोहरी इथून न्या. आणि कुकर न्या, पाच लिटरचा, दोन जादा रिंगा आणि शिट्टीसकट. तिथली बरीचशी गावं १८०० ते २५०० मीटरवर आहेत, महाबळेश्वर साधारण १३५० वर. पाणी ९२ ते ९४ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तासांनीही दाताखाली येते. पहिले तीन महिने मी कुकरशिवाय काढले, म्हणून सांगतो.